टँकर सीमेवर थांबला तर? ब्रेक्झिट आणि आयर्लंडचा दूध-मेंढ्यांचा व्यापार

आयर्लंडमधल्या मोनाहन काउंटीत क्लोन्स नावाचं छोटं गाव आहे. तिथून कॅव्हनकडे गाडी काढली की अवघ्या काही किलोमीटरांत चार वेळा देशाची सीमा ओलांडली जाते. रस्ता एकच. आयर्लंड प्रजासत्ताकात त्याला एन ५४ म्हणतात, ब्रिटनच्या हद्दीत शिरला की तो ए ३ होतो, बाहेर आला की पुन्हा एन ५४. कमान नाही, चौकी नाही, वर्दीतला माणूस नाही. वेगमर्यादेच्या पाटीवरचा आकडा किलोमीटरचा असतो तो मैलांचा होतो, रस्त्याच्या कडेची पिवळी रेघ पांढरी होते, इतकाच फरक. दोन्ही बाजूंना तीच हिरवी कुरणं, त्याच काळ्या-पांढऱ्या गायी.

२३ जून २०१६ ला ब्रिटनमध्ये सार्वमत झालं आणि ५१.९ टक्के लोकांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला. ब्रेक्झिटच्या बातम्या आपण वाचल्या त्या बहुतेक लंडनच्या संसदेतल्या गोंधळाच्या. पण वाटाघाटी सगळ्यात जास्त काळ ज्या गाठीपाशी अडून बसल्या ती गाठ म्हणजे ही न दिसणारी सीमा, आणि त्या गाठीच्या आत दूध, मेंढ्या आणि मांस होतं. शेतीमाल सीमेपलीकडे कसा जातो आणि नेमका कशामुळे अडतो, हे समजून घ्यायला याच्याइतकं चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

आधी भूगोल नीट लावून घेऊ, कारण नावांचा घोळ होतो. आयर्लंड हे एक बेट. १९२१ साली त्याची फाळणी झाली. दक्षिणेचा मोठा भाग स्वतंत्र झाला, तो आजचा आयर्लंड प्रजासत्ताक, राजधानी डब्लिन. ईशान्येच्या सहा काउंटी ब्रिटनमध्येच राहिल्या, ते उत्तर आयर्लंड, मुख्य शहर बेलफास्ट. समुद्रापलीकडच्या इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्सला मी या लेखात मुख्य ब्रिटन म्हणेन. बेटावरची सीमा सुमारे ५०० किलोमीटर लांब आहे, आणि ती ओलांडणाऱ्या सार्वजनिक रस्त्यांची मोजदाद झाली तेव्हा ती ठिकाणं २०८ निघाली. काही ठिकाणी घर एका देशात आणि गोठा दुसऱ्या देशात आहे.

आयर्लंड आणि ब्रिटन दोघेही १ जानेवारी १९७३ ला एकाच दिवशी युरोपीय समुदायात, म्हणजे आजच्या युरोपीय संघात, गेले. १ जानेवारी १९९३ पासून युरोपची सामायिक बाजारपेठ सुरू झाली आणि सीमेवरच्या मालाची तपासणी संपली. आपल्याकडे जकात नाके उठले तेव्हा ट्रकवाल्यांना जे वाटलं असेल, तेच तिथं झालं. पण ती सवलत फक्त वाहतुकीपुरती राहिली नाही. सीमाच नाही म्हटल्यावर लोकांनी कारखाने, कत्तलखाने, डेअऱ्या अशा बांधल्या की जणू बेटावर एकच देश आहे. ब्रेक्झिट आला तेव्हा या बांधणीला तेवीस वर्षं झाली होती. त्यातलं सगळ्यात मोठं बांधकाम दुधाचं.

दूध वाट पाहत नाही

उत्तर आयर्लंडमध्ये जेवढं दूध निघतं त्यातलं जवळपास एक तृतीयांश सीमा ओलांडून दक्षिणेला जातं. वर्षाला सुमारे ८० कोटी लिटर. भागाकार करून पाहा: दिवसाला २२ लाख लिटर होतात. एक टँकर २५ हजार लिटरचा धरला, तर रोज जवळपास ९० टँकर. दक्षिणेतल्या डेअऱ्यांत त्या दुधाचं चीज, लोणी आणि पावडर बनते, आणि त्यातला बराच माल पुन्हा ब्रिटनला, युरोपात नाहीतर आफ्रिका-आशियात जातो. लेकलँड डेअरीजसारख्या सहकारी संस्थेचे सभासद शेतकरी सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत आणि प्रक्रिया प्रकल्पही दोन्ही बाजूंना.

दूधधंद्याच्या गावात वाढलेल्या माणसाला यातली मेख लगेच कळेल. आमच्याकडे रास्ता रोकोमुळे संध्याकाळची गाडी आली नाही की संकलन केंद्रावर जो सन्नाटा पसरायचा तो मी पाहिला आहे. फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) काहीही लागो, दूध तापमानाच्या आणि घड्याळाच्या हुकुमात असतं. आयर्लंडच्या शेतावर बल्क कूलर असतो, टँकर एक दिवसाआड येतो. म्हणजे दोन दिवसांचं दूध साठवायची सोय आहे, चार दिवसांची नाही. टँकर सीमेवर कागदांसाठी सहा तास थांबला तर पुढच्या गोठ्यावर तो सहा तास उशिरा पोचणार, आणि गाय काही धार थांबवून बसणार नाही. उत्तरेत एवढं दूध पचवणारे कारखाने नव्हते. नवा पावडर प्रकल्प उभा करायचा म्हटला तर पैसा आणि काही वर्षं लागतात.

मेंढ्यांचंही तसंच. उत्तर आयर्लंडमधून दरवर्षी सुमारे चार लाख कोकरं कत्तलीसाठी दक्षिणेला जात होती. उलट दिशेनं दक्षिणेतली डुकरं लाखोंच्या संख्येनं उत्तरेतल्या कारखान्यांत जात. गिनेस ही काळी बिअर डब्लिनमध्ये बनते, टँकरनं बेलफास्टला जाऊन कॅन आणि बाटल्यांत भरली जाते, आणि निर्यातीसाठी परत डब्लिन बंदरावर येते. बेलीज या मद्यासाठी लागणारी साय सीमेच्या दोन्हीकडच्या गोठ्यांतून येते. एकाच मालानं वर्षभरात किती वेळा सीमा ओलांडली याचा कुणी हिशेब ठेवत नव्हतं, कारण गरजच नव्हती.

शुल्क एक, दाखला दुसरा

आता सीमा परत आली तर मालाला अडवणाऱ्या गोष्टी दोन. त्या वेगळ्या ओळखणं फार महत्त्वाचं आहे, कारण बातम्यांमध्ये त्या कायम एकत्र कालवल्या जातात.

पहिली, आयातशुल्क. युरोपीय संघ बाहेरच्या देशांच्या शेतीमालावर जबरदस्त शुल्क लावतो. चेडर चीजवर १०० किलोमागे १६७ युरोच्या आसपास, म्हणजे किलोला दीड युरोहून जास्त. बिनहाडाच्या ताज्या गोमांसावर किमतीच्या १२.८ टक्के आणि वर १०० किलोमागे ३०३ युरो. करार न करता ब्रिटन बाहेर पडला असता तर हेच दर लागले असते, आणि ब्रिटननंही तसेच दर लावले असते तर आयर्लंडच्या गोमांसाचं कंबरडं मोडलं असतं. आयर्लंड आपलं दहातलं नऊ भाग गोमांस निर्यात करतो आणि त्यातलं जवळपास निम्मं ब्रिटनला जात होतं. चेडरची अडचण आणखी निराळी. हे चीज ब्रिटिशांच्या जिभेचं. ब्रिटन जे चेडर आयात करतो त्यातलं बहुतांश आयर्लंडचं. फ्रेंच माणूस ते फारसं खात नाही, त्यामुळे ब्रिटन नाही तर पॅरिसला विकू असं म्हणायची सोय नाही. कारखान्यातल्या यंत्रणाही चेडरसाठीच बांधलेल्या.

हा शुल्काचा धोका शेवटी टळला. २४ डिसेंबर २०२० ला, म्हणजे मुदत संपायला आठवडा राहिला असताना, ब्रिटन आणि युरोपीय संघात व्यापार करार झाला आणि शुल्क शून्यावर ठेवण्यात आलं. पुष्कळ लोकांना वाटलं, सुटलो.

पण दुसरी गोष्ट करारानं सुटली नव्हती, आणि ती आपल्या नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराला चांगली ठाऊक आहे. २०१० साली भारतातली द्राक्षं युरोपात अडली ती शुल्कामुळे नव्हे. क्लोरमेक्वाट क्लोराइड नावाच्या संजीवकाचा अंश सापडला म्हणून अडली. तेव्हापासून रेसिड्यूची (फवाऱ्याच्या उरलेल्या अंशाची) तपासणी आणि फायटोसॅनिटरी दाखला (पिकाच्या आरोग्याचा दाखला) हे शब्द निफाड-दिंडोरीच्या शेतकऱ्याच्या तोंडी बसले आहेत. कंटेनरसोबत तो दाखला नसेल तर द्राक्षं कितीही गोड असोत, रॉटरडॅमच्या बंदरातून पुढे हलत नाहीत. शुल्क भरून मोकळं होता येतं. आरोग्याचा दाखला पैसे टाकून मिळत नाही, त्यासाठी अधिकृत माणसानं माल बघून सही करावी लागते.

प्राण्यांपासून येणाऱ्या मालाला हे आणखी कडक. मांस, दूध, अंडी किंवा जिवंत जनावर युरोपीय संघाच्या बाहेरच्या देशातून आत यायचं असेल तर प्रत्येक खेपेला सरकारी पशुवैद्यकाच्या सहीचं आरोग्य प्रमाणपत्र हवं, मालाची आगाऊ सूचना हवी, आणि तो ठरवून दिलेल्या तपासणी केंद्रातूनच आत यायला हवा. काही माल तर कुठल्याच दाखल्यावर येऊ शकत नाही. बाहेरच्या देशातून थंड केलेले पण गोठवलेले नसलेले कच्चे सॉसेज आणायलाच मनाई आहे. आता रोजचे ९० टँकर, कोकरांचे ट्रक आणि २०८ रस्ते यांच्यावर हा नियम लावून पाहा. तेवढे पशुवैद्यक आणायचे कुठून? तपासणी केंद्रं बांधायची कुठे?

चौकी का नको होती

इथं कुणी विचारेल, की चौक्या बांधायला काय झालं? जगात इतरत्र बांधतातच की.

उत्तर आयर्लंडच्या सीमेवर चौकी ही साधी इमारत नाही. १ एप्रिल १९२३ पासून तिथं कस्टम्स चौक्या सुरू झाल्या होत्या. मालासाठी मोजकेच रस्ते मंजूर, बाकीच्या रस्त्यांनी माल नेला तर ती तस्करी. १९३० च्या दशकात दोन्ही देशांत व्यापारयुद्ध पेटलं. शेतकऱ्यांच्या जमिनींचे जुने हप्ते ब्रिटनला द्यायला आयर्लंडमधल्या एमन डी व्हॅलेरा यांच्या सरकारनं नकार दिला, म्हणून ब्रिटननं आयरिश गुरांवर जबर शुल्क लावलं. गुरांचे भाव असे कोसळले की वासरं मारून कातडं आणून देणाऱ्याला सरकार पैसे देत असे. वासरू पोसण्यापेक्षा मारणं परवडावं अशी ती वेळ होती. रात्री डोंगरवाटांनी गुरं पलीकडे हाकलणारी माणसं त्या भागातल्या प्रत्येक गावात होती.

पुढं १९६० च्या दशकाच्या शेवटी उत्तरेत, ब्रिटनमध्येच राहू पाहणारे आणि आयर्लंडशी एक होऊ पाहणारे यांच्या झगड्यातून, हिंसाचार भडकला. तीस वर्षांत साडेतीन हजारांहून जास्त माणसं मेली. कस्टम्स चौक्या हे बॉम्बचं ठरलेलं लक्ष्य होतं. ऑगस्ट १९७२ मध्ये न्यूरीच्या कस्टम्स केंद्रात स्फोट होऊन नऊ जण मेले. ब्रिटिश लष्करानं सीमेवरचे लहान रस्ते सुरुंगानं उडवून, खांब ठोकून बंद केले. शेजारच्या शेतात जायला शेतकऱ्याला मैलोन्‌मैल वळसा पडू लागला. १० एप्रिल १९९८ चा शांतता करार, ज्याला गुड फ्रायडे करार म्हणतात, तो झाल्यावर हळूहळू मनोरे उतरले, रस्ते जोडले गेले. त्यामुळे पशुवैद्यकासाठी बांधलेली खोलीसुद्धा तिथं उद्या कुणाच्या तरी निशाण्यावर येईल, ही भीती खरी होती. उत्तर आयर्लंडच्या मतदारांनी ५५.८ टक्के मतांनी युरोपीय संघातच राहायचा कौल दिला होता, त्यामागे हेही एक कारण होतं.

सीमेवर चौकी नको, यावर लंडन, डब्लिन आणि युरोपीय संघाचं मुख्यालय ब्रुसेल्स, तिघांचं पहिल्यापासून एकमत होतं. मग तपासणी करायची कुठे, यावर मात्र साडेतीन वर्षं गेली.

एका रोगानं दाखवून दिलेली गोष्ट

उत्तर शोधताना जनावरांच्या डॉक्टरांना आधीपासून माहीत असलेली एक गोष्ट कामाला आली. २००१ साली मुख्य ब्रिटनमध्ये लाळ्या खुरकूत रोगाची भयंकर साथ आली. लाखो जनावरं मारून जाळावी लागली. मार्चमध्ये हा रोग आयर्लंडमधल्या लाउथ काउंटीत, कूली द्वीपकल्पावर एका कळपात सापडला. तो इंग्लंडमधून बेकायदा आणलेल्या मेंढ्यांबरोबर आधी उत्तरेत, साउथ आर्मामध्ये पोचला होता. तिथून कूली अगदी जवळ. पोलीस आणि लष्करानं सीमेवरचे रस्ते रोखले, त्या द्वीपकल्पावरच्या मेंढ्यांचे कळप मारून टाकले गेले, गावात शिरताना बुटांवर औषधाचा फवारा. सेंट पॅट्रिक दिनाच्या मिरवणुकीसुद्धा रद्द झाल्या. दक्षिणेत रोग त्या एका ठिकाणी थांबला.

विषाणूला सीमेवरची पाटी वाचता येत नाही, पण समुद्र मात्र त्याला खरोखर अडवतो. म्हणून जनावरांच्या आरोग्याच्या बाबतीत संपूर्ण बेट एकच धरलं जात असे, आणि मुख्य ब्रिटनमधून येणारी जिवंत जनावरं ब्रेक्झिटच्या आधीसुद्धा उत्तर आयर्लंडच्या लार्न बंदरात तपासली जात. उत्तरेतले कट्टर ब्रिटननिष्ठ नेते इअन पेस्ली यांचं एक वाक्य तिथं अजून सांगितलं जातं: आमची माणसं ब्रिटिश असतील, पण आमची गुरं आयरिश आहेत. ‘वेड्या गायीच्या’ रोगामुळे ब्रिटिश गोमांसावर बंदी आली तेव्हा आपल्या शेतकऱ्यांना त्यातून वगळावं म्हणून त्यांनी हे म्हटलं होतं.

चौकी समुद्रात

ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी काढलेला तोडगा जानेवारी २०१९ मध्ये ब्रिटिश संसदेनं २३० मतांच्या फरकानं फेटाळला. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्यांच्यानंतरचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन आणि आयर्लंडचे तेव्हाचे पंतप्रधान लिओ वराडकर यांची इंग्लंडमधल्या विरल नावाच्या भागात भेट झाली आणि तिथून वाट निघाली. (वराडकर यांचे वडील मूळचे सिंधुदुर्गातल्या वराड गावचे, डॉक्टर म्हणून परदेशी गेलेले. ब्रेक्झिटच्या सगळ्यात अवघड वळणावर बसलेला माणूस मालवणी मुळांचा होता, याचं मला त्या दिवसांत फार अप्रूप होतं.)

तोडगा असा: उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्येच राहील, पण मालाच्या बाबतीत, त्यातही अन्न आणि जनावरांच्या बाबतीत, युरोपीय संघाचेच नियम पाळेल. म्हणजे बेटावरच्या सीमेवर तपासायला काही उरत नाही. उलट मुख्य ब्रिटनमधून उत्तर आयर्लंडला येणारा माल मात्र बंदरावर तपासला जाईल, कारण तो युरोपच्या बाहेरून आत येतो आहे. १ जानेवारी २०२१ पासून हे लागू झालं.

टँकरवाल्यांसाठी हा निकाल अतिशय चांगला होता. क्लोन्सच्या रस्त्यावर काहीही बदललं नाही. दूध गेलं, कोकरं गेली. बेटावरचा उत्तर-दक्षिण व्यापार उलट वाढला: आयर्लंडच्या सरकारी आकडेवारीनुसार २०२१ या एका वर्षात उत्तरेकडून येणारा माल ६५ टक्क्यांनी वाढून ३.९ अब्ज युरोवर गेला. मुख्य ब्रिटनकडून मागवलेला माल अडतो म्हटल्यावर दुकानदारांनी आणि कारखान्यांनी शेजारून मागवायला सुरुवात केली.

किंमत दुसऱ्यांनी मोजली. उत्तरेतला मेंढपाळ पिढ्यान्‌पिढ्या स्कॉटलंडच्या बाजारात मेंढे घ्यायला जात होता. सुरुवातीच्या नियमांनुसार तिकडच्या बाजारात नेलेलं आणि न विकलं गेलेलं जनावर सहा महिने परत आणता येत नव्हतं. बटाट्याचं बेणं स्कॉटलंडहून यायचं, ते बंद. मातीसकट रोप आणायला मनाई. जुना ट्रॅक्टर आणायचा तर टायरच्या खाचांमधली माती पूर्ण धुतलेली हवी, कारण मातीतून कीड आणि रोग येतात. ज्यानं काळ्या रानात ट्रॅक्टर चालवला आहे त्याला त्या खाचा काठीनं कोरून धुवायला किती वेळ जातो ते माहीत आहे. आणि ते थंड सॉसेज. सरसकट बंदी लागू होऊ नये म्हणून मुदतीमागून मुदती वाढवाव्या लागल्या.

ब्रिटननिष्ठ लोकांसाठी प्रश्न सॉसेजचा नव्हताच. आपल्याच देशातून आपल्याच देशात येणाऱ्या मालाला दाखला का लागावा, हा त्यांचा सवाल होता, आणि तो मनाला लागण्यासारखा आहे असं मला प्रामाणिकपणे वाटतं. दक्षिणेशी सीमा नको ही एका समाजाची जखम होती, समुद्रात सीमा नको ही दुसऱ्याची. फेब्रुवारी २०२२ मध्ये उत्तरेतला ब्रिटननिष्ठ पक्ष डीयूपी सरकारमधून बाहेर पडला आणि बेलफास्टमधलं सरकार दोन वर्षं ठप्प झालं.

२७ फेब्रुवारी २०२३ ला ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक आणि युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डर लायन यांनी विंडसरमध्ये नवी व्यवस्था जाहीर केली. बंदरावर दोन रांगा: उत्तर आयर्लंडमध्येच खपणाऱ्या मालाला हिरवी, पुढे युरोपात जाऊ शकणाऱ्या मालाला लाल. हिरव्या रांगेतल्या दुधाच्या बाटलीवर आणि मांसाच्या पाकिटावर ‘युरोपीय संघासाठी नाही’ असा शिक्का. बटाट्याचं बेणं पुन्हा येऊ लागलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये बेलफास्टचं सरकार परत उभं राहिलं. त्याच वर्षी डिसेंबरात तिथल्या विधानसभेनं ही व्यवस्था पुढे चालू ठेवायचं मतदान केलं, पण एका समाजाच्या बहुतेक आमदारांचा विरोध कायम होता, म्हणून मुदत चारच वर्षांची.

पौंड आधीच घसरला होता

या सगळ्या करार-मदारांच्या कितीतरी आधी ज्यांना फटका बसला त्यांची गोष्ट मागे पडायला नको. मोनाहन आणि आसपासच्या भागात मशरूमची मोठी शेती आहे, आणि आयर्लंडच्या मशरूमपैकी बहुतांश ब्रिटनच्या सुपरमार्केटमध्ये जातात. सौदे पौंडात, लांब मुदतीचे, आणि नफा अगदी पातळ. सार्वमताच्या आदल्या दिवशी एका पौंडाचे साधारण १ युरो ३० सेंट मिळत होते. ऑक्टोबर २०१६ मध्ये १ युरो ११ सेंट. मजूर, वीज, कंपोस्ट सगळं युरोत. मशरूम तेवढेच पिकले, तेवढेच विकले गेले, पण हातात येणारे पैसे सातवा हिस्सा कमी. काही शेतं त्या वर्षाच्या आतच बंद पडली. तेव्हा ब्रिटन युरोपीय संघातच होता, कुठलंही शुल्क नव्हतं, कुठलाही दाखला नव्हता. निव्वळ चलन.

निर्यातीवर जगणाऱ्या शेतकऱ्याला यातून जे कळतं ते कुठल्याच करारात लिहिलेलं नसतं. आयर्लंडच्या डेअऱ्यांनी आणि मांस कारखान्यांनी त्यानंतर इतर बाजार शोधायला जोर लावला. मालाची वाटही बदलली. पूर्वी युरोपात जाणारे आयरिश ट्रक ब्रिटन आडवं ओलांडून जात, वर्षाला दीड लाखाच्या आसपास खेपा: डब्लिनहून वेल्समधलं होलीहेड, मग डोव्हर, मग फ्रान्स. मांसाचा ट्रक वीस तासांत पोचायचा. आता मध्ये कागदपत्रं आली म्हणून रॉसलेअर बंदरातून थेट फ्रान्समधल्या डंकर्कला जाणारी फेरी जानेवारी २०२१ मध्ये सुरू झाली. वेळ जास्त लागतो, पण ट्रक एकाच नियमांच्या हद्दीत राहतो. तरीही ब्रिटन आजही आयरिश अन्नपदार्थांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आहे. शेजार बदलता येत नाही.

त्या गिऱ्हाइकाच्या दारात आता इतरही उभे आहेत. ब्रिटननं ऑस्ट्रेलियाशी केलेला करार ३१ मे २०२३ ला लागू झाला आणि ऑस्ट्रेलियन गोमांसाला टप्प्याटप्प्यानं दार उघडलं. भारताशी जुलै २०२५ मध्ये करार झाला. त्यात भारतानं दुग्धजन्य पदार्थ बाहेर ठेवले, म्हणून आपल्या दूध उत्पादकाला चेडरची धास्ती नाही. युरोपीय संघात असताना ब्रिटनला असे स्वतंत्र करार करताच आले नसते.

दुधाचं जन्मगाव

शून्य शुल्काच्या करारात एक बारीक अट असते: माल त्या देशात बनलेला असला पाहिजे. आयर्लंडला लागणारं बहुतेक पीठ ब्रिटनच्या गिरण्यांतून येतं. चांगल्या पावासाठी त्या गिरण्या कॅनडाचा गहू मिसळतात. मिसळ ठराविक प्रमाणाच्या वर गेली की ते पीठ ‘ब्रिटिश’ राहत नाही आणि त्यावर पूर्ण शुल्क लागतं. डब्लिनच्या बेकरीवाल्याला गव्हाची वंशावळ विचारायची पाळी आली.

दुधात हेच उलट्या बाजूनं होतं. उत्तरेचं दूध दक्षिणेत बिनदिक्कत येतं, युरोपभर विकलं जातं. पण युरोपीय संघानं तिसऱ्या देशांशी जे व्यापार करार केले आहेत त्यांत सवलत मिळते ती युरोपीय दुधाच्या मालाला, आणि उत्तर आयर्लंडची गाय हिशेबात ब्रिटिश ठरते. दोन्हीकडचं दूध मिसळून केलेलं चीज किंवा पावडर त्या सवलतीत बसत नाही. म्हणून दूध वेगळं ठेवायचं तर टँकर वेगळे, सायलो वेगळे, नोंदी वेगळ्या.

१९ मे २०२५ ला ब्रिटन आणि युरोपीय संघानं अन्न आणि जनावरांच्या आरोग्याबाबत सामायिक करार करायचं तत्त्वतः ठरवलं. ब्रिटन युरोपचे आरोग्याचे नियम पाळेल, ते बदलले तर आपलेही बदलेल, आणि बदल्यात पशुवैद्यकाच्या सहीचे बहुतेक दाखले आणि बंदरावरच्या तपासण्या जातील. तो पूर्ण झाला तर स्कॉटलंडचा मेंढा आणि इंग्लंडचं सॉसेज यांची बेलफास्टच्या वाटेवरची बहुतेक कटकट मिटेल. चिखलाच्या टायरचीसुद्धा.

मिसळलेल्या दुधाचा प्रश्न मात्र त्यानं सुटणार नाही. तो आरोग्याचा नाही, जन्मगावाचा आहे. मोनाहनच्या आणि सीमेपलीकडच्या, उत्तरेतल्या फर्माना काउंटीच्या गायींचं दूध एकदा त्या स्टीलच्या टाकीत उतरलं की त्यातलं कुठलं कुठलं, हे आता कुणालाच सांगता येत नाही.